गळ्यातली ग्रंथी आणि आईचा आळस

कला शाखेच्या, त्यातही मराठी विषय घेतलेल्या विद्यार्थिनीने शरीरातील ग्रंथींवर लेख लिहावा, याचे आमच्या वार्षिकांकाच्या वाचकांना नवल वाटेल. संपादक मंडळातल्या एका मैत्रिणीने तर मला सरळच विचारले, "कविता नाही का ग तुझ्याकडे?" कविता आहेत, पण त्या पुढच्या वर्षी. यंदा मला जे सांगावयाचे आहे ते माझ्या आईविषयी आहे, आणि ग्रंथींचा विषय थोडासा समजून घेतल्यावाचून ते सांगताच येत नाही. विज्ञानाच्या प्राध्यापकांना यात काही नवे मिळणार नाही. ज्यांनी दहावीनंतर विज्ञानाला रामराम ठोकला, त्यांच्यासाठी हा प्रपंच.

आमचे गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. घरी आजी, वडील, आई, मी, धाकटा भाऊ आणि गोठ्यात एक गाय. आई म्हणजे घरातले चालते घड्याळ. पहाटे पाचला तिची धार काढून झालेली असे. एकादशीला देवळात भजन असले की बायकांमध्ये वरच्या पट्टीत आवाज लावणारी तीच. हे सारे तीनएक वर्षांपूर्वी हळूहळू बदलू लागले. इतके हळूहळू, की कोणत्या महिन्यात काय बिघडले हे आम्हां कोणालाच सांगता येणार नाही. ती उशिरा उठू लागली. दुपारी भांडी तशीच ठेवून निजू लागली. आमटीत मीठ दोनदा पडू लागले, नाहीतर पडेनाच. चेहरा सुजल्यासारखा दिसू लागला, केस विंचरताना फणीभर येऊ लागले. फाल्गुनात आम्ही अंगणात निजत होतो, तेव्हा ही आत स्वेटर घालून बसलेली. भजनाला जाणे तिने आपण होऊन बंद केले. आवाज घोगरा झाला होता, जिभेला जडपणा आल्यासारखा वाटे.

घरात याचे निदान केव्हाच झाले होते. आजी म्हणाली, "अंगात आळस मुरलाय." दिवाळीला आलेली आत्या म्हणाली, "वहिनी, सुटलात हो फार. जरा हातपाय हलवा." एका डॉक्टरांना दाखवले, त्यांनी शक्तीचे औषध लिहून दिले आणि चाळिशीनंतर असे चालायचेच, म्हणून सांगितले. आणि मी? मी कॉलेजला निघण्याच्या घाईत होते, डबा तयार नव्हता. मी म्हणाले, "आई, तुला काही करायलाच नको असतं." ती माझ्याकडे नुसती पाहत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "खरंय ग तुझं." ते उत्तर यायला जेवढा वेळ लागला, त्याचाही मला तेव्हा राग आला होता.

पुढे साताऱ्याला एका डॉक्टरीणबाईंकडे नेण्याचा योग आला, तोही पायाच्या सुजेसाठी. त्यांनी आईला खुर्चीवर गुडघे टेकून पाठमोरी बसवले, आणि रबरी हातोडीने टाचेच्या वरच्या शिरेवर हलकेच ठोकले. पाऊल झटकन हलले, पण परत जागेवर यायला मात्र त्याने सावकाश वेळ घेतला. बाईंनी दोनदा तसे करून पाहिले आणि मलाही बघायला बोलावले. "दिसलं? जातं लवकर, येतं हळू." मग रक्त तपासायला पाठवले. कागद आला त्यावर टीएसएच या नावापुढे आकडा होता ८६. शेजारी छापले होते की हा आकडा साधारण चारच्या आसपासपर्यंत असावा. बाई म्हणाल्या, "थायरॉईडचं काम फार कमी झालंय." वडिलांनी कागद हातात धरून विचारले, "पण बाई, हा आकडा तर वाढलेला आहे. मग कमी काय झालं?"

वडिलांच्या या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच हा लेख, असे म्हटले तरी चालेल. बाईंनी उत्तर दिले होते, पण बाहेर रुग्णांची रांग होती आणि आम्हांला ते नीट उमगले नव्हते. मी कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन मराठी विश्वकोशाचा पहिला खंड काढला. आमच्याच जिल्ह्यात, वाईला ज्याचे काम झाले तो हा विश्वकोश आजवर मी फक्त साहित्यिकांच्या नोंदींसाठी उघडला होता. थायरॉईडला त्यात अवटू ग्रंथी म्हटले आहे. येथे भाषेच्या विद्यार्थिनीला थोडे अडखळायला झाले, कारण संस्कृतात अवटु म्हणजे मानेची मागची बाजू, आणि ही ग्रंथी तर कंठाच्या पुढे, श्वासनलिकेला बिलगून बसलेली. इंग्रजी नाव ग्रीक भाषेतल्या ढालीच्या शब्दावरून आले आहे. प्रत्यक्षात ती ढालीपेक्षा पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी दिसते, वजन सुमारे वीस ग्रॅम. ग्रंथी म्हणजे गाठ. ग्रंथ हा शब्दही त्याच बांधण्या-गुंफण्याच्या धातूपासून आलेला. असो.

मुळात ग्रंथी म्हणजे काय? शरीरातला जो भाग एखादा रस तयार करून बाहेर टाकतो तो. तोंडातल्या लालाग्रंथी लाळ करतात, त्वचेतल्या ग्रंथी घाम करतात. यांना आपला रस वाहून न्यायला बारीक नळ्या असतात, आणि रस जेथे हवा तेथेच पडतो. पण काही ग्रंथींना नळीच नसते. त्या आपला रस सरळ रक्तात सोडतात, आणि रक्त तो सगळ्या शरीरभर फिरवते. यांना अंतःस्रावी ग्रंथी म्हणतात आणि त्यांच्या रसातील कार्यकारी द्रव्याला हॉर्मोन किंवा संप्रेरक. नळी नाही म्हणजे पत्ता नाही, मग हे द्रव्य योग्य ठिकाणी पोहोचते कसे? ते सगळीकडेच पोहोचते. पण ज्या पेशींजवळ ते ओळखणारी खूण असते, त्याच पेशी त्याला प्रतिसाद देतात. देवळातली घंटा सगळ्या गावाला ऐकू जाते, उठतो मात्र ज्याला आरतीला जायचे असते तो. तसेच हे.

ही गोष्ट पुस्तकात वाचताना मला एकाएकी आमचा गोठा आठवला. धार काढण्याआधी आई वासरू सोडते. वासराने कासेला दोन-चार ढुशा दिल्या, चार घोट प्यायले, की गाय पान्हा सोडते. मग वासराला ओढून बाजूला बांधायचे आणि भराभर धार काढायची. या साध्या व्यवहारात केवढी मोठी साखळी आहे पाहा. वासराच्या तोंडाचा स्पर्श सडाला होतो, ती वर्दी मज्जातंतूंतून मेंदूला जाते, मेंदूच्या तळाशी लोंबणारी वाटाण्याएवढी पोष ग्रंथी, म्हणजे पिट्युटरी, ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडते. ते रक्तातून कासेत आले की दुधाच्या बारीक पिशव्यांभोवतीचे स्नायू आवळतात आणि दूध खाली उतरते. म्हणजे वर्दी तारेने गेली आणि हुकूम रक्तातून आला. ऑक्सिटोसिनचा अंमल काही मिनिटांतच ओसरतो, म्हणूनच धार काढताना गप्पा मारीत बसून चालत नाही. नवखा माणूस गोठ्यात आला, कुत्रे भुंकले, तर गाय पान्हा चोरते. हा चोरटेपणा तिच्या मनाचा नव्हे. भीतीने अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनलिन सुटते आणि ते ऑक्सिटोसिनच्या कामात आडवे येते. आपल्याकडे पान्हा फुटणे हा शब्द मायेसाठी वापरतात, आणि मूल रडताना ऐकूनच आईला पान्हा येतो ही गोष्ट शरीरशास्त्रालाही मान्य आहे.

तसे पाहिले तर ग्रंथींचे ज्ञान शेतकऱ्याला डॉक्टरांच्या कितीतरी आधीपासून होते. वळू आणि बैल यांत फरक तो काय? खच्ची केले की खोंडाची मान वेगळी होते, मस्ती उतरते, तो नांगराला जुंपता येतो. असे का होते, हे पाहण्यासाठी १८४९ मध्ये जर्मनीत गटिंगेन येथे बर्टोल्ड यांनी कोंबड्यांवर प्रयोग केला. वृषण काढलेल्या कोंबड्याचा तुरा वाढत नाही, तो आरवत नाही की झुंजत नाही. पण काढलेले वृषण त्याच्या पोटात दुसरीकडे कोठे तरी रुजवले, तर तो पुन्हा पुरता कोंबडा होतो. मज्जातंतूंचा जुना संबंध तर तुटलेला. तेव्हा जे काही जात असेल ते रक्तातूनच जात असणार. पुढे १९०२ मध्ये लंडनला बेलिस आणि स्टार्लिंग यांनी आतड्यातून निघून स्वादुपिंडाला पाचकरस सोडावयास लावणारे एक द्रव्य शोधून काढले, आणि १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी अशा द्रव्यांसाठी हॉर्मोन हा शब्द वापरला. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ चालना देणे. आपला संप्रेरक हा शब्द त्याला चांगला शोभतो.

आता अवटू ग्रंथीकडे वळू. हिचे मुख्य संप्रेरक थायरॉक्सिन. त्याच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. शरीरातल्या बहुतेक पेशींनी किती वेगाने काम करायचे, किती इंधन जाळायचे, किती उष्णता निर्माण करायची, हे त्याच्या प्रमाणावर ठरते. हृदयाची गती, आतड्यांची हालचाल, त्वचेचा ओलावा, स्नायू आवळून पुन्हा सैल पडण्याचा वेग, एवढेच काय पण विचारांचा वेगसुद्धा. आईचे पाऊल परत यायला उशीर लागला आणि मला उत्तर द्यायलाही उशीर लागला, त्या दोन्ही उशिरांचे मूळ एकच होते.

आणि हे सारे किती द्रव्यावर चालते? प्रौढ माणसाची ग्रंथी दिवसाला सुमारे शंभर मायक्रोग्रॅमपर्यंत थायरॉक्सिन तयार करते. मी हिशेब मांडून पाहिला. सबंध वर्षाचे थायरॉक्सिन एकत्र केले तर फार तर दोन तांदळाच्या दाण्यांच्या वजनाइतके भरेल. दोन दाण्यांवर वर्षभर माणूस उठतो, बसतो, गातो!

या ग्रंथीचे महत्त्व जगाला कळले ते एका मोठ्या चुकीतून. स्वित्झर्लंडच्या डोंगराळ भागात पूर्वी गलगंड फार. बर्न येथील प्रख्यात शल्यचिकित्सक कोखर गलगंडाची शस्त्रक्रिया अतिशय कुशलतेने करीत. १८७४ मध्ये त्यांनी एका शाळकरी मुलीची सबंध ग्रंथी काढून टाकली. जखम सुरेख भरली. पण मुलगी बदलली. तिची धाकटी बहीण पूर्वी हुबेहूब तिच्यासारखी दिसे. पुढे ती बहीण वाढून तरुण, सुंदर झाली आणि ही मात्र खुजी, सुजलेली, मंदबुद्धी अशी राहिली. हे कळल्यावर कोखर यांनी आपल्या जुन्या रुग्णांना परत बोलावून तपासले. ज्यांची पूर्ण ग्रंथी काढली होती त्यांपैकी बहुतेकांची अशीच गत झालेली होती. १८८३ मध्ये त्यांनी हे स्वतःच जाहीरपणे सांगितले आणि यापुढे अशा रोगासाठी संपूर्ण ग्रंथी काढणार नाही असे ठरवले. १९०९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मला त्यांच्या पारितोषिकापेक्षा त्यांनी रुग्णांना परत बोलावले, याचेच अधिक वाटते. यशस्वी झालेल्या माणसाला हे सुचणे कठीण.

उपाय सापडला १८९१ मध्ये, इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे. जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरांनी मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क काढून, आईसारखीच लक्षणे असलेल्या एका ४६ वर्षांच्या बाईला टोचला. काही महिन्यांत ती बाई हिंडूफिरू लागली. पुढे तो अर्क पोटात घेता येऊ लागला. ती बाई आणखी २८ वर्षे जगली, १९१९ मध्ये ७४ व्या वर्षी वारली, आणि तेवढ्या काळात तिच्या औषधासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. थायरॉक्सिन शुद्ध स्वरूपात वेगळे काढले ते अमेरिकेत केंडॉल यांनी, १९१४ मध्ये. १९२७ पर्यंत ते प्रयोगशाळेत तयारही करता येऊ लागले. आज आईची गोळी ज्वारीच्या दाण्यापेक्षा फार मोठी नाही, आणि तिच्यासाठी मेंढी मारावी लागत नाही.

आणखी एक प्रयोग मला फार गमतीचा वाटला. १९१२ मध्ये गुडरनाच या शास्त्रज्ञाने बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लांना घोड्याची अवटू ग्रंथी खाऊ घातली. त्या पिल्लांची वेळेआधीच शेपटी गळाली, पाय फुटले, आणि माशीएवढाले चिमुकले बेडूक तयार झाले. म्हणजे संप्रेरक नुसता वेग ठरवत नाही, एका अवस्थेतून दुसरीत जाण्याचा मुहूर्तही तेच सांगते. माणसाच्या बाळाच्या मेंदूची वाढही याच्यावाचून अडते. जन्मतःच ज्याची ही ग्रंथी काम करीत नाही, अशा बाळाला पहिल्या दोन-तीन आठवड्यांत औषध सुरू झाले तर ते इतर मुलांसारखे वाढते, आणि उशीर झाला तर गेलेली बुद्धी परत येत नाही. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर ही तपासणी होते. नव्या आईबापांनी ती मागून घ्यावी, एवढे येथे मुद्दाम सांगते.

आता वडिलांचा प्रश्न. अवटू ग्रंथी आपल्या मर्जीने काम करीत नाही. तिला हुकूम येतो पोष ग्रंथीकडून, आणि त्या हुकमाचे नाव टीएसएच, म्हणजे अवटू ग्रंथीला चेतवणारे संप्रेरक. पोष ग्रंथीच्याही वर मेंदूचा अधोथॅलॅमस नावाचा भाग आहे, तो तिला हुकूम देतो. पण हे वरून खाली येणारे हुकूम म्हणजे अर्धीच गोष्ट. रक्तात थायरॉक्सिन पुरेसे झाले की त्याची जाणीव त्या दोन्ही वरिष्ठांना होते आणि ते आपले हुकूम आवरते घेतात. थायरॉक्सिन घटले की हुकूम वाढतात. याला शास्त्रात ऋण प्रतिभरण म्हणतात. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे.

मी माडीवर वाचत बसले की आई खालून हाक मारते. पहिली हाक हळू असते. मी ओ दिली तर ती तेवढ्यावर थांबते. ओ दिली नाही तर दुसरी हाक मोठी, तिसरी त्याहून मोठी, आणि शेवटी शेजारच्या आळीला कळावे इतकी मोठी. आता बाहेरून जाणाऱ्या माणसाला मी दिसत नाही. पण आईच्या हाकेवरून तो सांगू शकतो की वरची मुलगी ऐकत नाही. टीएसएच ही पोष ग्रंथीची हाक आहे. ८६ म्हणजे किंचाळणे. आकडा वाढला होता तो हाकेचा, आणि कमी झाली होती ती ओ. अवटू ग्रंथी खंगली होती, आणि पोष ग्रंथी बिचारी दोन-तीन वर्षे गळा फोडून ओरडत होती. आम्हांला मात्र घरात काही ऐकू आले नाही.

वडिलांना हे असे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे वरचा साहेब ओरडतोय, पण खाली कामाला माणूसच नाही." तेही बरोबरच. मग रोज गोळी घेतली की काय होते? थायरॉक्सिन बाहेरून मिळते, ओ मिळते, आणि हाक आपोआप खाली येते. याच्या उलट रोगही आहे. त्यात शरीर चुकून अशी प्रतिद्रव्ये तयार करते की ती टीएसएचची हुबेहूब नक्कल करतात. खोट्या सहीचा हुकूम म्हणा ना. ग्रंथी बापडी तो पाळीत सुटते. माणूस वाळतो, हात थरथरतात, छाती धडधडते, घाम फुटतो, कधी डोळे बाहेर येतात. तेव्हा खरा टीएसएच जवळजवळ शून्यावर गेलेला असतो, कारण पोष ग्रंथी केव्हाच गप्प बसलेली असते. या माणसालाही घरचे तापट म्हणून नावे ठेवीत असणारच.

इतक्या सूक्ष्म प्रमाणातली द्रव्ये मोजता येऊ लागली त्यामागे एका बाईची करामत आहे. न्यूयॉर्कच्या रोझलिन यॅलो यांनी सॉलोमन बर्सन यांच्या जोडीने १९५९-६० च्या सुमारास किरणोत्सारी अणूंचा उपयोग करून संप्रेरके मोजण्याची पद्धत बसवली. १९७७ मध्ये यॅलो यांना नोबेल मिळाले, तेव्हा बर्सन हयात नव्हते. त्याच वर्षी गिल्मां आणि शाली यांनाही पारितोषिक मिळाले. अधोथॅलॅमसचे हुकूम शोधण्यासाठी त्यांच्या दोन प्रयोगशाळांनी लाखो मेंढ्यांचे आणि डुकरांचे मेंदू खर्ची घातले होते, आणि हाती लागले ते काही मिलिग्रॅम.

आईची ग्रंथी खंगली कशाने? माझ्या मनात प्रथम मिठाचा विचार आला, कारण गलगंड आणि आयोडीन यांचा संबंध शाळेत शिकलो होतो. आयोडीन मुख्यतः समुद्रात. डोंगराळ भागात पाऊस आणि पूर यांनी ते मातीतून धुऊन जाते. ते मिळेनासे झाले की थायरॉक्सिन तयार होत नाही, पोष ग्रंथी हाका मारीत राहते, आणि त्या सततच्या हाकांनी ग्रंथीच फुगत जाते. तोच गलगंड. सुश्रुतानेही गलगंडाचे वर्णन केले आहे, म्हणजे दुखणे जुनेच. आपल्या देशात हिमालयाच्या पायथ्याशी त्याचे प्रमाण फार होते. १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यात काही भागांत आयोडीन घातलेले मीठ दिले, एका भागात साधे ठेवले, आणि काही वर्षांत फरक सर्वांना दिसला. १९६२ मध्ये देशात गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला, आणि पुढे १९८० नंतरच्या दशकात सर्वच खाण्याच्या मिठात आयोडीन घालण्याचे धोरण आले. प्रौढ माणसाला दिवसाला लागते ते फक्त १५० मायक्रोग्रॅम. किलोभर मिठात १५ मिलिग्रॅम आयोडीन असले, तर दहा ग्रॅम मिठात ते होते.

पण आमच्या घरी मीठ आयोडीनचेच होते. आईचा रोग निराळा. ज्या संरक्षक यंत्रणेने बाहेरच्या जंतूंशी लढावयाचे, तीच घरच्या ग्रंथीला परकी समजून पोखरू लागते. १९१२ मध्ये जपानचे डॉक्टर हाशिमोतो यांनी चार स्त्रियांच्या ग्रंथींत हा प्रकार पाहून वर्णन केला, म्हणून त्याला त्यांचेच नाव आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो कितीतरी पटींनी अधिक आढळतो आणि बहुधा घराण्यातून येतो. हे कळल्यावर बाईंनी माझेही रक्त तपासले. सध्या तरी हाक हळू आहे. वर्षातून एकदा पाहा म्हणाल्या.

इतर ग्रंथींविषयी थोडक्यात सांगते, कारण तत्त्व तेच. स्वादुपिंडातून निघणारे इन्शुलिन रक्तातली साखर पेशींत घालते, तर त्याच ठिकाणचे ग्लुकॅगॉन साठ्यातली साखर बाहेर काढते. दोघे मिळून पारडे सांभाळतात. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोला चौदा वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचले, त्याआधी मधुमेही मुलाचे मरण ठरलेलेच असे. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींची ओळख वक्तृत्व स्पर्धेत भाग घेतलेल्या प्रत्येकाला आहे. नाव पुकारले की घसा कोरडा पडतो, तळहात ओले होतात, तो त्यांचाच प्रताप. परावटू नावाच्या चार बारीक ग्रंथी, बहुधा अवटूच्याच पाठीला चिकटलेल्या, रक्तातले कॅल्शियम राखतात. नियमाला अपवाद म्हणून बाळंतपण सांगतात. तेथे कळा आल्या की ऑक्सिटोसिन वाढते, ते वाढले की कळा वाढतात, हाकेला ओ मिळूनही हाक वाढतच जाते, मूल बाहेर येईपर्यंत.

एक सावधगिरीही सांगायला हवी. हे सारे वाचून मी काही दिवस भलतीच पेटले होते. जो भेटेल त्याच्या स्वभावात मला ग्रंथी दिसू लागल्या. आमच्या इतिहासाच्या सरांचा राग अधिवृक्क, वसतिगृहातल्या एकीचे झोपणे अवटू! असा उत्साह पूर्वी मोठमोठ्यांनाही आला होता. १९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टर बर्मन यांनी माणसाचे सगळे व्यक्तिमत्त्व ग्रंथींवरून सांगणारे पुस्तक लिहिले, ते खूप खपले, आणि शास्त्राच्या कसोटीला उतरले नाही. आळशी माणसे जगात आहेतच. माझे स्वतःचे रक्त निर्दोष असूनही मी रविवारी नऊला उठते. फक्त आळस म्हणण्याआधी एकदा रक्त पाहावे, आणि जो माणूस पूर्वी तसा नव्हता तो तसा झाला असेल तर नक्कीच पाहावे.

गोळी सुरू झाल्यावर आम्हांला वाटले, आठवड्यात आई पूर्वीसारखी होईल. तसे होत नाही. थायरॉक्सिन रक्तात अर्धे व्हायलाच सुमारे आठवडा लागतो, त्यामुळे नव्या मात्रेचा तोल बसायला पाच-सहा आठवडे जातात, आणि तोपर्यंत पुन्हा तपासण्यात अर्थ नसतो. पहिल्या तपासणीत ८६ चे ४१ झाले. मात्रा वाढवली. मग १२. मग ३.४. चौथ्या महिन्यात एके दुपारी ती पंख्याखाली पदराने वारा घेत बसलेली दिसली. आईला उकडते आहे, याचा मला इतका आनंद झाला की मी आजीला हाक मारून दाखवले. आजी म्हणाली, "त्यात बघायचं काय?" पण दुसऱ्या दिवशी आजीनेच आपली पितळी तांब्याची जोडी तिला न सांगता घासून ठेवली. आत्याने अजून काही म्हटलेले नाही.

मी तिला एकदा विचारले, त्या दिवशी मी बोलले ते आठवते का? ती म्हणाली, "त्या वर्षातलं मला नीटसं काहीच आठवत नाही बघ." खरे असेल, किंवा माझ्यासाठी म्हणाली असेल.

आवाज बराचसा परत आला. भजनाला ती पुन्हा जाते, पण वरची पट्टी आता दुसऱ्या काकू लावतात. गोळी उपाशीपोटी घ्यायची आणि त्यानंतर तासभर चहा घ्यायचा नाही, कारण चहाने ती नीट शोषली जात नाही. सकाळच्या चहावाचून बसणे तिला जड जाते. म्हणून पाचला उठून ती गोळी घेते, वासरू सोडते आणि धार काढायला बसते. धार संपते, शेण निघते, अंगण होते, तोवर तास भरतो.